पाल्याच्या राज्यातलं फळ

बंगळुरात नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना ‘सिल्क बोर्ड’ म्हटलं की वाहतुकीची कोंडी आठवते. होसूर रस्त्यावरच्या त्या चौकाला ज्या केंद्रीय रेशीम मंडळाचं नाव पडलं, ते १९४९ साली स्थापन झालं, आणि देशभरातल्या तुतीचं बरंवाईट आज तिथून ठरतं. मला या साऱ्यात रस वाटू लागला तो मात्र रेशमामुळे नव्हे. गच्चीवरच्या कुंडीत लावायला चांगल्या फळांची तुती हवी होती. ज्याला विचारावं तो पाल्याबद्दल बोले. पान किती रुंद, पाला हेक्टरी किती टन, छाटणीनंतर फुटवा किती दिवसांत. फळाचं नाव काढलं की समोरचा हसे. तुतीच्या मुलखात तुतीच्या फळाला कुणी वाली का नसावा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून आहे.

त्याचा माग काढत गेलं की टिपू सुलतानाच्या एका पत्रापाशी पोचायला होतं. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं तेव्हा दप्तर इंग्रजांच्या हाती लागलं. त्यातली निवडक पत्रं विल्यम कर्कपॅट्रिकने भाषांतरून १८११ मध्ये लंडनला छापली. त्यांत सप्टेंबर १७८६ चं, श्रीरंगपट्टणचा किल्लेदार सय्यद महंमद याला लिहिलेलं एक पत्र आहे. मजकूर थोडक्यात असा: रेशीमकिडे आणायला बंगालला धाडलेला कस्तुरी रंगा आणि त्याचा सोबती सिधौटच्या वाटेने परत येत आहेत. ते पोचले की किडे कसल्या जागेत ठेवायचे ते त्यांनाच विचार आणि तशी सोय कर. किडे किती आले ते मोजून कळव. त्यांची पैदास कशी वाढवायची तेही विचारून घे. खाऊ म्हणून रानतुतीचा पाला दे. ती झाडं लावायचा हुकूम आधीच दिला आहे. जुन्या वाड्यामागे एक मोकळी जागा विकत घेऊन ठेवली आहे, तिच्या आसपास तात्पुरता निवारा कर.

आता तारखेकडे पाहा. त्या दिवसांत टिपू राजधानीत नव्हताच. तुंगभद्रा ओलांडून तो सावनूरच्या बाजूला उतरला होता आणि समोर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजा होत्या. आपल्या बखरी-इतिहासांत ही मोहीम येते ती अदवानीचा वेढा, सावनूरची लढाई आणि पुढच्या वर्षीचा गजेंद्रगडचा तह, एवढ्यापुरती. छावणीत बसून हा माणूस किड्यांच्या निवाऱ्याची चौकशी करत होता, हे त्यात येत नाही. टिपूविषयी कुणाचं काहीही मत असो (कर्कपॅट्रिकचं तर अतिशय वाईट होतं, आणि त्याच्या टिपांतून ते सतत डोकावतं), पण कारभारी म्हणून ही चिकाटी मानावी लागते. त्याने मस्कतहूनही किडे आणि ते जोपासणारी माणसं मागवली होती.

मला त्यातला कस्तुरी रंगा सोडवत नाही. बंगालपासून कावेरीपर्यंत जिवंत किडे आणायचे म्हणजे वाटेत ताजा पाला मिळवत यायचं. ते त्याने कसं साधलं, हे पत्रात नाही. आणि पत्रात आणखी एक गोष्ट नाही: तुतीचं फळ. ज्याच्या बापाने लालबाग वसवली आणि ज्याने स्वतः ती वाढवली, त्या बागशौकिनाच्या लेखी तुती म्हणजे किड्यांची वैरण.

पुढचं झरझर सांगतो. म्हैसूरचं रेशीम टिपूनंतरही तगलं, मग रोगराईने खचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी बसवनगुडीजवळ रेशीम फार्म काढला आणि जपानहून ओद्झू नावाचं तज्ज्ञ दांपत्य आणलं. फार्म गेला, वस्तीला ‘टाटा सिल्क फार्म’ हे नाव उरलं. त्यानंतर संशोधकांनी जी झुडपं निवडली, ती पानांवरून: चन्नपट्टणजवळच्या कण्वा फार्मवरची ‘कण्वा-२’, म्हैसूरच्या संशोधन संस्थेची ‘एस-३६’, आणि १९९७ मधली ‘व्ही-१’, जी पाणी मिळालं तर वर्षाला हेक्टरी साठ टनांहून अधिक पाला देते. बीड-जालन्याकडच्या रेशीम उत्पादकांना ही नावं तोंडपाठ असतील. त्यांच्या शेतात झुडूप वर्षातून चार-पाच वेळा कापलं जातं. तिथे फळाचं कौतुक कोण करणार!

बाजारालाही ते नकोच असतं. पिकलेली तुती सकाळी तोडली तर संध्याकाळपर्यंत पाणी सोडते, बोटं आणि पिशवी जांभळी करते. हातगाडीवर टिकत नाही, म्हणूनच तिची जागा घरी आहे. बंगळुरातल्या रोपवाटिकांत हल्ली लोक ब्लूबेरीच्या रोपाला भरमसाट पैसे मोजतात. त्या झाडाला साडेचार ते साडेपाच सामूची आम्ल माती लागते आणि या शहरातलं बरंचसं बोअरचं पाणी जड, अल्कधर्मी. वर्षभर गंधक घालत बसायचं आणि मूठभर फळं खायची, हा माझ्या मते निव्वळ हट्ट आहे. डोंगरची काळी मैना, म्हणजे आपलं करवंद, त्याच गच्चीवर विनातक्रार वाढतं. तुती तर त्याहून सोपी.

मात्र जात बघून घ्या. शेंगेसारख्या लांब फळांची शहतूत मोठं झाड होऊ पाहते. कुंडीला बुटकी, काळ्या फळांची बरी. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्यात सहज मुळं धरते. कुंडी निदान दीड फुटी हवी आणि ऊन भरपूर. शेंडे आखडून पानं गोळा झाली तर तो ‘तुकरा’, म्हणजे पिठ्या ढेकणाचा उपद्रव. तेवढा शेंडा कापून नष्ट करा. फळं खायची असल्याने औषध मारू नका. बुलबुल आणि कोकीळ तुमच्या आधी पोचतील, तेव्हा जाळी लागेल.

फळ नव्या फुटव्यावर येतं. जुनं रोप असेल तर दिवाळीचा फराळ संपला की फांद्या छाटा, उरलेली पानं हाताने काढून टाका, शेणखत घालून पाणी द्या. नवं घेणार असाल तर रोपवाटिकेत किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा: ही पाल्याची की फळाची?