खारा वारा आणि आपले घर : बाहेरचे साहित्य कसे निवडावे?



आपल्या शाळेत येणारी बरीच मुले समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ राहतात. दिवाळी सरली की घराघरांत दुरुस्तीच्या गोष्टी निघतात. कुणाला गच्चीवर पत्र्याची शेड घालायची असते, कुणाला भिंती रंगवायच्या असतात, तर कुणी नवे घर बांधायला काढलेले असते. यंदा विश्वस्त मंडळासमोरही शाळेच्या जुन्या इमारतीचे छप्पर बदलण्याचा विषय आहे. अशा वेळी दुकानदार, गवंडी, शेजारी प्रत्येकजण वेगळा सल्ला देतो आणि ऐकणारा गोंधळून जातो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

आमचे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. किनाऱ्यावरचे बांधकाम बहुधा महागड्या साहित्यामुळे टिकत नाही आणि स्वस्त साहित्यामुळेही पडत नाही. ते पडते त्याच्या सर्वांत दुबळ्या भागापासून. तो भाग म्हणजे एखादा स्क्रू, उघडी राहिलेली कड, कमी जाडीचे आवरण किंवा आखूड वळचण. साहित्य निवडताना आपण वस्तूकडे पाहतो, जोडाकडे पाहत नाही. नुकसान मात्र जोडापाशीच सुरू होते.

चार शत्रू

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्याला आपण झड म्हणतो. उरलेल्या आठ महिन्यांत ऊन असते. उन्हातील अतिनील किरणांनी रंग पिठासारखा सुटतो, प्लास्टिक पिवळे पडून ठिसूळ होते. तिसरा शत्रू मीठ. लाटा फुटताना उडालेले बारीक खारे तुषार वाऱ्यावर आत येतात. किनाऱ्यालगत त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि आत जावे तसे ते झपाट्याने घटते. म्हणूनच फोंड्यात वीस वर्षे टिकलेली ग्रील कळंगुटला किंवा बाणावलीला तेवढी टिकेलच असे नाही. चौथा शत्रू वादळ. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे आपल्या किनाऱ्याजवळून गेली. तौक्तेच्या वेळी झाडे आणि विजेचे खांब कोसळले, अनेक घरांच्या छपरांची हानी झाली.

हे चौघे एकमेकांना मदत करतात. उन्हाने रंगाला भेग पडते, भेगेतून पाणी शिरते, पाण्याबरोबर मीठ आत जाते आणि आतून कुजलेला भाग वादळात उडतो.

चिऱ्याची भिंत

आपल्याकडचा मूळ दगड म्हणजे चिरा, अर्थात जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, विटेसारखा तासता येतो आणि हवेत राहून कठीण होतो. चिरा घेताना त्यावर हातोडीने ठोकून पाहावे. बद्द आवाज येणारे, पांढऱ्या-पिवळ्या मातीची भोके असलेले चिरे बाहेरच्या भिंतीला घेऊ नयेत.

चिरा सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला आणि भिंतीपासून बरीच पुढे येणारी वळचण काढली. याचे मोठे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. १६०५ साली पवित्र झालेली बाँ जेझुस बॅसिलिका चिऱ्यांचीच. १९५० च्या दशकात तिचा बाहेरचा गिलावा काढण्यात आला. तेव्हापासून तिच्या लाल भिंती उघड्या आहेत आणि पावसाने दगड झिजत असल्याची चिंता आता जाहीरपणे व्यक्त होते. रस्त्याच्या पलीकडचे से कॅथेड्रलही चिऱ्याचेच आहे, परंतु त्याच्या अंगावर गिलावा आणि पांढरा चुना आहे. दगड तोच, गाव तेच, पाऊसही तोच. फरक आहे तो कातडीचा.

हल्ली घराच्या दर्शनी भागाचा चिरा मुद्दाम उघडा ठेवण्याची आवड आहे. तो ठेवायचाच असेल तर खोल वळचणीखाली ठेवावा. त्यावर चकचकीत वॉर्निश मारू नये. वॉर्निशाचा पापुद्रा आतला ओलावा कोंडतो, मग त्याला फोड येतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटून येतो. त्याऐवजी पाणी आत न घेणारे, पण वाफ बाहेर सोडणारे द्रावण वापरावे. बाजारात ते सिलेन-सिलोक्सेन या नावाने मिळते. गिलाव्यालाही हाच नियम लागू. जुन्या चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत अडकते, लोणा लागतो आणि थोड्या वर्षांत पोपडे निघतात. जुन्या भिंतीला चुना किंवा चुना मिसळलेला गिलावाच मानवतो.

रंगाविषयी एवढेच सांगतो. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग लावू नये. पावसाळा संपताच गणपती-दसऱ्याची घाई न करता पौष-माघात रंग काढणे उत्तम. फिकट रंग उन्हात कमी तापतो, म्हणून जास्त टिकतो. आधी शेवाळ घासून धुवावे. शेवाळावर लावलेला रंग शेवाळाबरोबरच निघून येतो.

काँक्रीट : सळी कितपत आत आहे?

काँक्रीटच्या आतील सळीला काँक्रीटच सांभाळते. मीठ तिथवर पोचले की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. मग काँक्रीट आतून फुटते आणि छज्जाचे तुकडे खाली पडतात. म्हणून सळीवर किती काँक्रीट आहे हा प्रश्न किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाचा. भारतीय मानक आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानासाठी हे आवरण २० मिलिमीटर, किनारी हवामानासारख्या ‘तीव्र’ परिस्थितीसाठी ४५ आणि समुद्राचे तुषार थेट येतात तेथे ५० मिलिमीटर सांगितले आहे. तीव्र परिस्थितीसाठी काँक्रीटची प्रत किमान एम-३० सांगितली आहे.

घर बांधणाऱ्या पालकांनी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी पट्टी घेऊन हे अंतर स्वतः मोजावे. सळीखाली ठेवलेले ठोकळे योग्य उंचीचे आहेत का ते पाहावे. न धुतलेली खारी वाळू कधीही वापरू देऊ नये, कारण ती मीठ पहिल्या दिवसापासूनच आत नेते. स्लॅग सिमेंट मिठाला अधिक विरोध करते, मात्र त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटला दहा दिवस पाणी मारणे आवश्यक आहे.

छप्पर : कौले की पत्रा?

मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात काढला आणि ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. भाजलेली माती गंजत नाही, उन्हाने खराब होत नाही, फुटलेले एक कौल तेवढेच बदलता येते आणि खालची खोली थंड राहते. दोष दोन आहेत : खालचे लाकूड वाळवीपासून जपावे लागते आणि वादळात कौल उचलले जाते. दुसऱ्या दोषाला उपाय सोपा आहे. वळचणीची, कडेची आणि आढ्याची कौले न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधावीत. वादळ छपराला कडेपासूनच धरते.

आता पत्रा. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. त्याचा दाब सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर अंदाजे ९३ किलो वजनाइतका. वेग निम्मा धरला तरी २३ किलो होतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार किलो भरतो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने जागेवर राहूच शकत नाही. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू, स्क्रू ज्यात बसले ते पाइप आणि पाइप ज्यात रोवले ती भिंत. उडालेला पत्रा तलवारीसारखा जातो, हे येथे विसरून चालणार नाही.

पत्रा उन्हात साठ अंशांच्या पुढे तापतो आणि पावसाची सर आली की एकदम थंड होतो. चाळीस अंशांच्या फरकाने सहा मीटरचा लोखंडी पत्रा सुमारे तीन मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमचा साडेपाच मिलिमीटर आखडतो. हे रोज घडत राहिले की स्क्रूची भोके मोठी होतात, रबरी वॉशर फाटतो, पाणी शिरते आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून पत्रा घेताना पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. जस्ताचा मुलामा किती? दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम आणि २७५ ग्रॅम असे दोन्ही पत्रे दिसायला सारखेच असतात. किनाऱ्यावर जाड मुलाम्याचाच घ्यावा.

२. ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या मिश्र मुलाम्याचा पत्रा किनाऱ्यावर अधिक टिकतो. मात्र ओल्या सिमेंटचा किंवा चुन्याचा स्पर्श त्याला होऊ देऊ नये.

३. स्क्रू पत्र्याच्या तोडीचा आहे का? वीस वर्षांच्या पत्र्याला पाच वर्षांचा स्क्रू लावला तर छपराचे आयुष्य पाचच वर्षे.

४. कापलेल्या कडांना जस्तयुक्त रंग लावणार का?

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांविषयी एक इशारा. त्यांपैकी अनेकांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे करवतीने कापू नयेत, भोके पाडू नयेत, फोडू नयेत. काढायचे असल्यास जाणकाराकडून, ओले करून, अखंड काढून घ्यावेत आणि त्या दिवशी मुलांना जवळ येऊ देऊ नये.

ग्रील, खिडक्या आणि लहानसहान लोखंड

पोकळ चौकोनी पाइपची ग्रील बाहेरून रंगवलेली असते, पण ती आतून गंजते, कारण आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. तिची तोंडे बंद करावीत, नाहीतर भरीव सळीची ग्रील घ्यावी. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे असे नव्हे. किनाऱ्यावर ३०४ जातीच्या स्टेनलेसवर तपकिरी डाग पडतात. ३१६ जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे तिचा मिठापुढे जास्त निभाव लागतो. ॲल्युमिनियमच्या खिडकीत साधे लोखंडी स्क्रू मारू नयेत. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यांतला एक झिजतो. आठवी-नववीच्या विज्ञानाचा हा धडा आपल्या खिडकीत रोज चालू असतो.

खर्चाचा हिशेब

समजा, एक काम एक लाखात होते आणि आठ वर्षे टिकते. दुसरे दीड लाखात होते आणि वीस वर्षे टिकते. पहिल्याचा वर्षाचा खर्च साडेबारा हजार, दुसऱ्याचा साडेसात हजार. स्वस्त काम ते ठरले, जे पाहताना महाग वाटत होते. विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना अशी की, शाळेच्या छपरासाठी दरपत्रके मागवताना नुसता चौरस मीटरचा भाव मागू नये. मुलाम्याचे वजन, स्क्रूची जात, स्क्रूंमधील अंतर, कडेची बांधणी आणि दरवर्षीची तपासणी या गोष्टी लिहून मागाव्यात. या छपराखाली आपली मुले बसतात. तेथे सर्वांत कमी भाव ही एकच कसोटी लावणे बरे नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक काम देतो. येत्या रविवारी घराभोवती एक फेरी मारा. छपरावर चढायचे नाही, जमिनीवरूनच पाहायचे. कुठे लोणा लागला आहे, कोणत्या स्क्रूखाली तांबडा ओघळ आला आहे, कोणते कौल सरकले आहे, छज्जाला भेग कुठे आहे, हे वहीत लिहा आणि आई-वडिलांना दाखवा. तांबडा ओघळ दिसला की एक स्क्रू बदलून काम भागते. तो वेळीच दिसला नाही, तर पुढे पूर्ण छप्पर बदलावे लागते. मृग नक्षत्राला अजून अवधी आहे, तोवर हे सारे करता येण्याजोगे आहे.