डोलकाठी उतरविण्याचा दिवस

दूरच्या सफरीसाठी बांधलेली शिडाची नौका बंदरात उभी असलेली पाहिली की, तिची डोलकाठी झाडाच्या बुंध्यासारखी नौकेत रुजलेली असावी, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ३६ फुटी नौकेची डोलकाठी म्हणजे ४५ ते ५० फूट लांबीची ॲल्युमिनियमची पोकळ नळी. काही नौकांत ती डेकवर नुसती टेकलेली असते. काहींत डेकमधील भोकातून खाली उतरून तळाच्या कण्यावर उभी राहते. तिला खरा आधार असतो तो चारी बाजूंनी ताणलेल्या पोलादी तारांचा. एक पुढे, एक मागे आणि दोन्ही कडांना दोन-दोन, तीन-तीन. भर वाऱ्यात यांतील एखादी महत्त्वाची तार तुटली, तर पुढच्या काही क्षणांत सारी काठी पाण्यात असते.

२०१८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत निघाली. नौका साध्या, जुन्या घडणीच्या, ३२ ते ३६ फुटांच्या. त्या शर्यतीत पाच जणांनी आपली डोलकाठी गमावली. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे त्यांपैकी एक. त्यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती होती, आणि मूळची ‘सुहेली’ आपल्या मुंबईत सागवानी लाकडात घडलेली! २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ‘थुरिया’ उलथली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तशा लाटेपुढे माणसाचे काही चालत नाही.

परंतु त्याच शर्यतीतील दुसरी हकीकत वेगळी आहे. नोव्हेंबरमध्ये ७३ वर्षांचे फ्रेंच दर्यावर्दी झाँ-लुक व्हॅन डेन हीड यांची नौका आडवी झाली. डोलकाठी वाचली, पण तारांना धरून ठेवणारा बोल्ट काठीची भिंत चिरत सुमारे पाच सेंटिमीटर खाली घसरला. या गृहस्थांनी हेलकावणाऱ्या काठीवर पुन्हापुन्हा चढून ती तात्पुरती सावरली आणि २९ जानेवारी २०१९ रोजी शर्यत जिंकली. सगळ्यांच्या अंगी असे धाडस कोठून असणार? म्हणूनच शहाणा नौकामालक दर काही वर्षांनी, वारा पडलेला असताना, आपल्याच हाताने डोलकाठी खाली उतरवितो.

तारांचे दुखणे डेकवरून दिसत नाही, ही यातील खरी अडचण होय. आठ मिलिमीटर जाडीची तार पाच टनांच्या आसपास भार पेलते. मात्र ती तुटते ती बहुधा मध्ये नव्हे, तर टोकाशी, जेथे ती धातूच्या टोपणात दाबून बसविलेली असते. न गंजणारे पोलाद गंजत नाही ते हवेतील प्राणवायूमुळे. त्याच्या योगाने पृष्ठभागावर एक सूक्ष्म संरक्षक थर सतत तयार होत असतो. टोपणाच्या आत खारे पाणी साचले की तेथे प्राणवायू पोहोचत नाही, थर नाहीसा होतो आणि चकचकीत दिसणारे पोलाद आतून पोखरले जाते.

उतरविण्यापूर्वीचे काम वहीचे आहे. प्रत्येक तारेच्या तळाशी ताण कमीजास्त करणारा पेच असतो, त्यास टर्नबकल म्हणतात. त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. हा अर्धा तास ज्याने वाचविला, त्याचा पुढे अख्खा दिवस जातो. मग शिडे काढावयाची, शिडाची आडवी काठी उतरवावयाची, काठीच्या पोटातून गेलेल्या दिव्यांच्या विजेच्या तारा पायाशी सोडवावयाच्या आणि डेकच्या भोकातील पाचरी काढावयाच्या. क्रेनचा पट्टा काठीच्या मध्यापेक्षा वर, आडव्या बाहूंखाली घालतात. पट्टा काठीच्या तोलबिंदूच्या वर हवा, अन्यथा काठी हवेतच उलटी होईल. क्रेनने भार घेतल्याशिवाय एकही पिन काढावयाची नाही, हा या कामातील एकमेव नियम कडक समजावा. बाकीचे थोडेफार मागेपुढे झाले तरी चालते.

फ्रान्सच्या कालव्यांतून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्यांना हा उपद्व्याप करावाच लागतो. तेथील पूल पाण्यापासून जेमतेम साडेतीन मीटर उंच! डोलकाठी डेकवर आडवी बांधून ही मंडळी आठवडेच्या आठवडे मळ्यांमधून प्रवास करतात.

काठी लाकडी घोड्यांवर ठेवली की तपासणीस आरंभ होतो. गोड्या पाण्याने धुऊन तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा; तुटलेला एखादा धागा कापूस पकडतो. टोपणांवर लाल रंगाचे द्रावण लावून पुसले असता केसाएवढी चीरही दिसून येते. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला भिडतो तेथे पांढरी भुकटी आढळली तर ॲल्युमिनियम झिजू लागले म्हणून समजावे. दहा-बारा वर्षे वापरलेल्या तारा निर्दोष दिसल्या तरी बदलणेच इष्ट.

पुन्हा उभारताना काठीखाली नाणे ठेवण्याची प्रथा पाश्चात्त्य नाविकांत आहे. १९६२ साली लंडनमध्ये थेम्सच्या गाळात सापडलेल्या रोमन जहाजाच्या डोलकाठीच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचे नाणे मिळाले. त्यावर भाग्यदेवतेची मूर्ती होती.

पुढची, मागची आणि बाजूंच्या तारा जोडून झाल्यावरच क्रेन सुटते. मग वहीतील मापांप्रमाणे पेच आवळतात. वरून सोडलेला दोर डाव्या कडेपर्यंत मोजून तोच उजव्या कडेला लावतात; दोन्हीकडे सारखा भरला म्हणजे काठी मध्यावर आहे. पायाशी डोळा लावून वर पाहिले असता शिडाची खाच सरळ रेषेत दिसली पाहिजे. शेवटची जुळणी मात्र मध्यम वाऱ्यात, शिडे चढवूनच होते. वाऱ्याविरुद्ध बाजूच्या तारा किंचित सैल पडाव्यात, लोंबकळू नयेत. त्यानंतर प्रत्येक पेचातील पिनेची टोके उलगडून त्यांवर पट्टी गुंडाळतात, कारण उघडे टोक शीड फाडते.