झुडूप म्हणजे जंगल का?

बालमित्रांनो, इंग्रजीच्या तासाला ‘बुश’ म्हणजे झुडूप, असं तुम्ही पाठ केलं असेल. शब्द दोन अक्षरांचा, पण भारी हिंडलेला!

ऑस्ट्रेलियात ‘बुश’ म्हणजे वस्तीपासून दूरचा अख्खा रानमुलूख. तिथे वणवा लागला की तो ‘बुशफायर’. २०१९-२०च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो बरं का!) असा वणवा कित्येक महिने धगधगत होता. पूर्वी शिकारीत झुडपं बडवून पाखरं उठवत. आपल्याकडच्या हाक्यासारखंच. त्यावरून मुद्द्यावर न येणाऱ्या माणसाला इंग्रज म्हणतो, हा झुडपाभोवतीच काठी आपटतोय. आपण म्हणतो, आडवळणाने बोलतोय.

आजोबांचा बुशशर्ट तुम्ही पाहिला असेल. त्यांच्या काळी बुश रेडिओही होता. त्या कंपनीने १९३२ साली लंडनच्या ‘शेफर्ड्स बुश’ या भागावरून आपलं नाव घेतलं. मात्र गाडी दुरुस्त करणारे काका ‘बुश घासला’ म्हणतात, तेव्हा तिथे झुडूप शोधू नका. दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी म्हणजे बुश. हा शब्द डच भाषेतल्या डबीवरून आला. उच्चार तोच, घराणं निराळं.

आता आपल्या शब्दाकडे या. आमच्या कारधा गावातून वैनगंगेच्या काठाने चालत गेलं, की झुडपंच झुडपं दिसतात. बोरीची काटेरी, रायमुनियाची रंगीत फुलांची आणि कितीही तोडली तरी पुन्हा उगवणारी बेशरम. रायमुनिया आणि बेशरम दोघीही मूळच्या अमेरिका खंडातल्या. नावं मात्र कशी अस्सल आपली! झाडाला एक सरळ खोड असतं, झुडपाला जमिनीपासूनच अनेक फांद्या फुटतात, एवढं पुस्तकात असतं.

पण ‘झुडपी’ हा शब्द थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, हे पुस्तकात नाही!

भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांवर पुष्कळ जमिनींपुढे ‘झुडपी जंगल’ असं लिहिलेलं आहे. १९५६ पूर्वी आपण मध्य प्रदेशात होतो, तेव्हापासूनची ही नोंद. गावाजवळची हलकी, झुडपं वाढलेली पडीक जागा, गुरं चारायची, असा तिचा साधा अर्थ. पुढे अशा जागांवर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, शेतीही झाली. मग १९८०चा वनसंवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची परवानगी हवी. झाली ना पंचाईत! ‘झुडपी’ शब्दावर जोर द्यायचा की ‘जंगल’ शब्दावर? शाळेची जागा शाळेची की वनाची? प्रश्न ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा होता.

२२ मे २०२५ रोजी निकाल लागला: झुडपी जंगल हे जंगलच. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत ज्या जागा रीतसर वाटल्या गेल्या, त्या वनाच्या यादीतून काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी. म्हणजे राहत्या घरांना आणि शाळांना दिलासा. आणि जंगलाला लागून नसलेले, कोणाला न दिलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन करावेत.

मला स्वतःला हा शेवटचा भाग जास्त आवडला. तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकरांच्याही आत. एवढ्याशा झुडपात ससा राहतो, तितर अंडी घालते, मुंगूस दडते. तुमच्या गावात असा तुकडा कुठे आहे, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना त्याचं नावसुद्धा ठाऊक असेल.