घरच्या अंगणातील मोटार आणि कलम ५२

मोटारीची हौस हा श्रीमंतांचा छंद होय, ही समजूत मराठवाड्यात तरी आता जुनी झाली आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांच्या वसाहतींतून सुटीच्या दिवशी सहज चक्कर मारली, तरी घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली, चाके काढून ठोकळ्यांवर चढविलेली एखादी जुनी छोटी मोटार दृष्टीस पडते. तिच्याभोवती दोन-तीन तरुण हात काळे करून बसलेले असतात. त्यांतला एखादा आयटीआयचा असतो, एखादा बी.कॉम. होऊन रिकामा असतो आणि एखादा गॅरेजवाला उस्ताद फावल्या वेळात सल्ला द्यायला आलेला असतो. गाडी बहुधा मारुती ८०० किंवा झेन असते. नव्या मोटारसायकलीच्या किमतीपेक्षाही स्वस्तात ती मिळते. या मुलांचा हा उद्योग म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे असे पालकांस वाटते, तो गुन्हा आहे असे कायद्यास वाटते, आणि आपण काहीतरी शिकत आहोत असे त्या मुलांस वाटते. या तिघांचेही थोडेथोडे खरे आहे. म्हणूनच हा विषय गल्लीतल्या गप्पांवर न सोडता येथे घ्यावासा वाटला.

लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, आणि त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, १४ डिसेंबर १९८३ रोजी, दिल्लीजवळच्या गुडगावच्या कारखान्यातील पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाच्या हाती पडली. तोवर आपल्याकडे मोटार म्हणजे अँबेसेडर किंवा मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट. दोन्ही अवजड आणि दोन्ही वडीलधाऱ्या. डिकीची पेटी मागे न काढता पाठीमागचे दारच वर उचलणारी ही चिमुकली गाडी जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने आली आणि तीस वर्षे टिकली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशात खपल्या होत्या. १९९३ साली आलेली तिची थोरली बहीण झेनही २००६ मध्ये बंद झाली. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, बँकेतले साहेब यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिलेली ही गाडी तिसऱ्या-चौथ्या हाती फिरत आज त्यांच्या गल्लीतल्या मुलांकडे आली आहे.

हातांनी शिकण्यासाठी याहून चांगले यंत्र मिळणे कठीण. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती आणि साडेसहाशे किलोंच्या आतबाहेरचे वजन एवढाच तिचा पसारा. पहिल्या सतरा वर्षांच्या गाड्यांत तर कार्बोरेटरच आहे. संगणकाची पेटी नाही. पान्यांचा एक संच, एक जॅक आणि चिकाटी एवढ्यावर तिचा बहुतेक भाग उलगडता येतो आणि पुन्हा जोडता येतो. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बिघडले की प्लगचा रंग कसा बदलतो, क्लचप्लेट झिजली की गाडी चढावर का रडते, हे पुस्तकात चार ओळींत असते. पण एकदा स्वतः प्लग काढून पाहणारा मुलगा ते जन्मभर विसरत नाही.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ हे या साऱ्या प्रकरणाचे मूळ. मूळ कलमात मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास सूचना देऊन आणि त्याची मान्यता घेऊन गाडीत फेरफार करण्यास वाव होता. जोडसामान लावल्या-काढल्याने होणारा वजनातला दोन टक्क्यांपर्यंतचा फरक तर मान्यतेशिवायही चालत असे. मारुतीच्या हिशेबात तो तेरा किलो होतो. २००० सालच्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. निर्मात्याने मुळात जे तपशील ठरवून दिले, त्यांहून नोंदणीपुस्तकातील तपशील वेगळे पडतील असा कोणताही बदल मालकाला करता येणार नाही, असे कलमाचे नवे रूप झाले. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने शिक्षाही ठरवून दिली: नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. आपल्या शेडखालच्या मुलांच्या गाडीत असे पाच-सात फेरफार सहज निघतील, आणि मग दंडाची रक्कम गाडीच्या किमतीच्या आसपास जाईल.

कायदा करणाऱ्यांना निव्वळ दुष्ट ठरविण्याचे मात्र कारण नाही. रस्त्यावर प्रत्यक्षात जे फेरफार दिसतात त्यांतले बहुतेक बिनडोकपणाचे असतात, हे या मुलांच्या कैवाऱ्यांनीही मान्य करावे. सर्वांत आवडता बदल म्हणजे मोठी चाके. शेवटच्या काळातील मारुती ८०० ला १४५/७० मापाचे बारा इंची टायर असत. त्यांचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो. त्या जागी १५५/६५ मापाचे तेरा इंची टायर चढविले, तर व्यास ५३२ मिलिमीटरवर जातो, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या जवळपास वाढ. परिणाम असा की मीटरवर साठचा काटा दिसत असताना गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टने धावते, आणि तेच मोठे चाक थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो. दुसरा आवडता उद्योग गाडी ‘बसवण्याचा’. त्यासाठी पुढच्या स्प्रिंगचा एक-दीड वेढा कटरने कापतात. कापलेली स्प्रिंग ताठर होते, आणि खड्ड्यातून चाक खाली लोंबले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. आपल्या तालुक्यांतील रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

दिव्यांचे तेच. साठ वॉटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर मिळून दहा अँपिअर प्रवाह ओढतात. शंभर वॉटचे लावले की तोच प्रवाह पावणेसतरांपर्यंत जातो. जुन्या वायरी आणि जुना स्विच तेच राहिले, मध्ये रिले घातला नाही, तर स्टिअरिंगखालून येणारा जळका वास हा त्या हिशेबाचा सरळ निष्कर्ष असतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांचे काय होते, याचा तर कोणी विचारच करीत नाही. घरगुती गॅसची टाकी मागच्या आसनाखाली दडविणारे जे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे. तेथे हौस नसून काटकसरीच्या नावाखाली चाललेला जिवाशी खेळ आहे.

आणि सर्वांत गंभीर बाब इंजिनाची. झेनचे ९९३ सीसीचे इंजिन ८०० च्या बॉनेटखाली बसविण्याचा मोह अनेकांना होतो. ताकद वाढते हे खरे. पण ब्रेक, अक्ष, चाकांची बेअरिंगे मूळचीच राहतात. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववी-दहावीच्या विज्ञानात आपण सर्वांनी पाठ केले आहे. ताशी साठऐवजी ऐंशीने धावणारी तीच गाडी थांबविताना ब्रेकला पावणेदोनपट काम करावे लागते. तुळजापूर ते बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडास येतो. तो रुंद झाल्यापासून ऐंशीचा वेग कोणालाच वेग वाटेनासा झाला आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या अरुंद रस्त्यांसाठी आखलेली गाडी तेथे नव्या इंजिनासह सोडणे, हे साहस नव्हे.

मग कायदा योग्यच म्हणायचा का? येथे आमचा मतभेद आहे. कायदा वाईट फेरफार रोखतो, तसाच चांगलाही रोखतो, आणि दोहोंत फरक करण्याची कोणतीही सोय त्याने मालकासाठी ठेवलेली नाही. कान फोडणारा सायलेन्सर बसविणारा आणि काळजीपूर्वक हिशेब करून अधिक चांगल्या ब्रेकची जुळणी करणारा, हे दोघे त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी. अपवाद आहेत, पण मोजके. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलता येते. अपंग व्यक्तीस चालविता यावी म्हणून गाडीत बदल करता येतो. मूळच्याच जातीचे इंजिन मान्यतेने बदलता येते. जुन्या गाडीला विजेची मोटर बसविण्याचाही मार्ग खुला आहे. मात्र त्या किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते आणि ती किटच्या निर्मात्यालाच परवडते. स्वतः आराखडा काढून, स्वतः वेल्डिंग करून, ‘हे तपासा’ म्हणून कोणापुढे उभे राहण्याची जागा मात्र एकट्या माणसाला नाही.

पूर्वी ती होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ नावाची लहान मोटार स्वतः बनवायला घेतली. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. स्प्रिंगांऐवजी रबरावर तोललेली, कमीत कमी सुटे भाग असलेली ही गाडी त्यांनी १९७० च्या दशकापर्यंत सुधारत नेली, आणि सुमारे बारा हजार रुपयांत ती विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. कारखाना उभा राहिला नाही, ही गोष्ट वेगळी आणि दुःखाची. आम्हांस येथे महत्त्वाचे वाटते ते एवढेच की त्यांच्या गाडीला रीतसर नोंदणी-क्रमांक मिळाला होता आणि ती रस्त्यावर धावली होती. १९३९ च्या जुन्या कायद्याने एका सातवी शिकलेल्या कारागिरास ती मुभा दिली.

याउलट सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावची गोष्ट घ्या. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातले भाग जमवून, मुलाच्या हौसेखातर, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या नजरेस ती आली. गाडी नियमांत बसणारी नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती अडवतीलच, हे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. परंतु एका कारागिराचे कौतुक करण्यासाठी त्याची कृती त्याच्याकडून काढून घेऊन संग्रहात ठेवावी लागली, यातला विरोधाभास फारसा कोणाला बोचला नाही. मुंबई-पुण्याकडे गाड्यांना नवे रूप देण्याचा व्यवसाय दिलीप छाब्रिया यांनी १९९३ च्या सुमारास नावारूपाला आणला, तेव्हा त्याला कला म्हटले गेले. लोहाराच्या कलेला बक्षीस मिळते, क्रमांक मिळत नाही.

लातूरचा प्रश्न याहून थोडा निराळाही आहे. ‘लातूर पॅटर्न’ने या गावाला देशभर नाव दिले आणि हजारो मुलांना डॉक्टर केले, हे निर्विवाद. नांदेडही त्याच वाटेने गेले. पण त्या वाटेवरून मागे राहिलेल्या मुलाचे पुढे काय होते, याची चर्चा दोन्ही शहरांत होत नाही. परीक्षेत चारदोन गुणांनी हुकलेला मुलगा शेडखालच्या मारुतीपाशी येऊन बसतो तेव्हा घरचे म्हणतात, पोरगं वाया गेलं. वस्तुतः त्याच गावांत लातूरचे पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे, नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम चालतो. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धा भरते. तेथे विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात आणि बंदिस्त मैदानावर पळवतात. कायद्याची अडचण नाही, कारण सार्वजनिक रस्ता नाही. तंत्रनिकेतनाच्या पटांगणावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गल्लीतल्या मुलांनाही वर्षातून दोनदा असे का करू देऊ नये, याला जागेची किंवा पैशाची सबब पुरेशी नाही.

रस्त्यासाठीही उपाय अगदीच अज्ञात नाही. ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने बांधलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होऊन तिला मान्यता मिळते. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीस फेरफार पाहतो आणि योग्य वाटल्यास तो कागदपत्रांत नोंदवला जातो. तेथील नियम आपल्याहून सैल नाहीत, उलट कडक आहेत. पण तेथे नकार देण्यापूर्वी कोणीतरी गाडीखाली वाकून पाहते. आपल्याकडेही तशी यंत्रे आता येऊ लागली आहेत. वाहनांच्या तपासणीसाठी स्वयंचलित केंद्रांचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजणे, दिव्याच्या झोताची दिशा पाहणे, धुराचे प्रमाण काढणे, ही कामे तेथे यंत्रच करते. ज्या यंत्रावर ट्रकचा ब्रेक मोजता येतो, त्याच्या शेजारी हलक्या गाडीचाही मोजता येतो. मान्य फेरफारांची एक छोटी यादी, त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकाची सही आणि या यंत्राचा निकाल, एवढ्यावर नोंदणीपुस्तकात एक ओळ लिहिण्याची तरतूद संसदेला अशक्य नाही.

तोवर एमएच २४ किंवा एमएच २६ क्रमांकाची जुनी मारुती ज्यांच्या अंगणात आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. गाडी पासिंगला नेताना चाके, दिवे आणि सायलेन्सर मूळचे असणे भाग आहे. फेरफाराची विमा कंपनीस कल्पना दिली नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या नुकसानभरपाईवर वाद ओढवतो. त्यामुळे काढलेले मूळचे भाग भंगारवाल्याला देऊ नयेत. शेडमध्ये कोपऱ्यात, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावेत.