किनाऱ्यावरची छोटी दुर्बीण

खगोल-छायाचित्रणाची छोटी दुर्बीण म्हणजे साधारण ६० ते ८० मिलिमीटर व्यासाचे भिंग आणि ४०० मिलिमीटरच्या आसपास नाभीय अंतर. ती पाठीवरच्या पिशवीत मावते, मांडव्याच्या बोटीतूनही नेता येते. नवखे लोक पैसा ओततात तो नळीवर. छायाचित्र बिघडते ते बहुधा माउंटमुळे, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या बैठकीमुळे. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. अशा दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर मृगातला तारा तेवढ्यात सात-आठ पिक्सेल पुढे जातो आणि ठिपक्याची रेघ होते. म्हणून आकाशाच्या गतीने फिरणारा विषुववृत्तीय माउंट हवा, आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखलेला हवा.

रायगडात घोडे इथेच अडते. अलिबागला ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांच्या आसपास, श्रीवर्धनला अठरा. नारळी-पोफळीच्या वाडीतून तो दिसायचाच नाही. अक्ष इतका आडवा झाला की काही माउंटांची वजने तिपाईच्या पायावर आपटतात. मध्ये आखूड खांब चढवावा लागतो. त्यात अलिबाग-किहीमला उत्तरेकडेच मुंबईचा उजेड. विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबाग निवडले गेले. आता शहराचा उजेडच समुद्र ओलांडून आला आहे. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे काळोख त्या मानाने बरा.

दक्षिणेचे आकाश हे या किनाऱ्याचे खरे भांडवल. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. हरिहरेश्वरला तो फेब्रुवारीत पहाटे चारच्या सुमारास सुमारे २४ अंश वर असतो.

एकच लांबलचक एक्सपोजर घेण्यापेक्षा ३०-३० सेकंदांची शंभर चित्रे संगणकावर एकावर एक रचणे चांगले. वाऱ्याच्या झोताने दोन-चार हलली तर तेवढीच टाकून देता येतात, आणि शंभर चित्रांत गोंगाटाच्या तुलनेत तारा एका चित्रापेक्षा दहापट उठून दिसतो.

दवाचा बंदोबस्त मात्र आधीच करावा. उघड्या आकाशाखाली भिंग हवेपेक्षा थंड पडते आणि त्यावर बाष्प धरते. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी नळीच्या तोंडाशी गुंडाळली की पुरते. ओले भिंग रुमालाने पुसू नये. खाऱ्या वाऱ्याने बसलेले कण लेप ओरबाडतात. जून ते सप्टेंबर दुर्बीण सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर भिंगावर बुरशी चढते.