कवटीत जागा शिल्लक नसते

सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री शुद्ध हरपलेली. चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर लहान मुलांना इतक्या झपाट्याने गाठू शकतो. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू प्रथम सापडला. २००७च्या पावसाळ्यात नागपूर विभागात त्याची साथ आली. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. विषाणू मारणारं औषध नाही, लसही नाही. वॉर्डातली झुंज असते ती मेंदूच्या सुजेशी आणि तिने वाढणाऱ्या दाबाशी.

कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूजल एवढ्यांचीच सोय. मेंदू सुजला की थोडं मेंदूजल मणक्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर पडतं. ही सवलत संपली की जराशा सुजेनेही दाब उसळतो. मोठ्या माणसात तो साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो, मुलांत त्याहून कमी. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून दाब वाढला की ती फुगलेली हाताला लागते. रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून जो जोर उरतो, त्यावर मेंदूला रक्त मिळतं.

सिस्टर आधी काय करते, तर नातेवाइकांनी मायेने ठेवलेली जाड उशी काढते. उशीने मान छातीकडे वाकते, गळ्याच्या शिरा दबतात, डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. त्याऐवजी पलंगाचा डोक्याकडचा भाग ३० अंश वर, मान सरळ, श्वासासाठी घातलेल्या नळीची पट्टी गळ्यावर सैल. नळीतला कफ ओढताना येणाऱ्या खोकल्यानेही दाब चढतो, म्हणून आधी ऑक्सिजन देऊन हे सक्शन १०-१५ सेकंदांत उरकायचं. अंग पुसणं, कूस बदलणं, सुई टोचणं एका दमात नाही, मध्ये विसावा. मॅनिटॉलची बाटली उजेडात धरून पाहायची, कारण थंडीत त्यात स्फटिक धरतात. ते औषध मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे काढतं, तेव्हा लघवीचं मापही तिच्याच वहीत. नर्सिंगला शरीरशास्त्र इतकं घोटून का घेतात, ते इथे कळतं.

तडफड थांबली की आई म्हणते, ‘आता शांत झोपलं बाळ.’ पण ती झोप नसून बेशुद्धी असू शकते, आणि नाडी मंदावणं, रक्तदाब चढणं, श्वास अनियमित होणं ही मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी नोंदवलेली वाढत्या दाबाची लक्षणं फार उशिरा दिसतात. तोवर थांबून चालत नाही. म्हणून सिस्टर दर तासाला टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या तपासते, नावाने हाक मारते, चिमटा काढून पाहते. नातेवाइकांना राग येतो, तरीही.