पाळी चुकते तेव्हा

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे पाळीचे चक्र. ते २१ ते ३५ दिवसांचे असले तरी नेहमीचेच समजले जाते. २८ दिवस ही निव्वळ सरासरी. गेल्या महिन्यात बारा तारखेला आली आणि या महिन्यात सोळा उजाडली, एवढ्याने काही बिघडलेले नसते. एरवी नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा मुळातच अनियमित असणारी सहा महिने आली नाही, तर मात्र कारण शोधावे लागते.

पाळीची सूत्रे मेंदूकडून हलतात. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी बीजकोशाला, आणि बीजकोशात एक बीज पक्व होते. बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. चक्राचा हा उत्तरार्ध फारसा बदलत नाही. मागेपुढे होतो तो पूर्वार्ध. म्हणजे पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा बीज बाहेर पडणेच लांबलेले असते. दहावी-बारावीची परीक्षा, रात्रपाळी, घरातला मृत्यू, मोठे आजारपण, जिवापाड व्यायाम, झपाट्याने उतरवलेले वजन अशा काळात मेंदू हा इशाराच आवरता घेतो.

शरीरसंबंध आलेला असेल तर पहिली शंका दिवस राहिल्याचीच घ्यायची, मग बाई विवाहित असो वा नसो, गर्भनिरोधक वापरलेले असो वा नसो. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवीची तपासणी त्यासाठी पुरते. सकाळची पहिली लघवी घेऊन पट्टीच्या खाचेत सांगितले असतील तेवढेच थेंब टाकायचे आणि पाच मिनिटांनी पाहायचे. ‘सी’पाशी एकच रेघ उमटली तर गर्भ नाही, ‘टी’पाशीही उमटली, अगदी फिकट असली तरी, तर आहे असे धरायचे. ‘सी’चीच रेघ नसेल तर पट्टी वाया गेली. बीज उशिरा बाहेर पडलेले असल्यास गर्भ असूनही सुरुवातीला एकच रेघ दिसू शकते, म्हणून पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासावे. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला कळा येणे, थोडे थोडे रक्त दिसणे, घेरी येणे ही लक्षणे गर्भ नळीत राहिल्याची असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

गर्भ नको असेल तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेण्यात धोका आहे, कारण गर्भ किती दिवसांचा आहे आणि नळीत तर नाही ना, हे गोळीला कळत नाही. १९७१ चा गर्भपात कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती यांनुसार कायद्यात दिलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीला त्यासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही आणायला अजूनही सांगितले जाते, पण कायद्यात तशी अट नाही.

गर्भ नसेल तर तरुण वयात सर्वाधिक आढळणारे कारण पीसीओएस. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेन्थल या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. यात बीजे अर्धवट वाढून थांबतात आणि पुरुषी संप्रेरके वाढतात. हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरमे, कित्येकींच्या मानेवर मळासारखी दिसणारी आणि घासून न जाणारी काळी छटा ही त्याची चिन्हे. ती छटा इन्शुलिन नीट काम करत नसल्याची असते. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरल्यावरही अनेकींची पाळी सुरू होते. थायरॉइडचा बिघाड आणि वाढलेले प्रोलॅक्टिन ही दोन कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात. प्रोलॅक्टिन वाढले की अंगावर पाजत नसतानाही स्तनांतून दूध येऊ शकते. उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही ते वाढते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनानेही पाळी थांबते, पण तो आजार नव्हे. भारतात गर्भाशयाचा क्षयही विसरून चालत नाही.

पाळी आणण्यासाठी पपई, तीळ, ओव्याचा काढा हे उपाय घरोघरी होतात. त्यांनी बीज बाहेर पडते असा पुरावा नाही. डॉक्टर पाच ते दहा दिवस प्रोजेस्टेरॉन वर्गातली गोळी देतात आणि ती थांबल्यावर आठवडाभरात रक्तस्राव होतो, तो मुख्यतः गर्भाशयात अस्तर तयार होते एवढेच सांगतो. मूळ कारण तिथेच असते. ‘आली एकदाची’ म्हणून पुढच्या तपासण्या सोडून देणे महागात पडते. गौरी-गणपतीला किंवा घरच्या कार्याला पाळी पुढे ढकलायची गोळीही याच वर्गातली. ती कधीमधी घेतल्यावर पुढची तारीख सरकली तर नवल नाही. पण पायात रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झालेल्या बाईने ती शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये.

पाळी दीर्घकाळ बंद राहण्याचे दुष्परिणाम कारणानुसार अगदी उलट असतात. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन असते पण अस्तर झडत नाही. ते जाड होत जाते, मग एकदम अतिरक्तस्राव होतो आणि वर्षानुवर्षांनी कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा रक्तस्राव घडवून आणतात. उपासमार किंवा अतिव्यायामाने थांबलेल्या पाळीत इस्ट्रोजेनच कमी पडते आणि हाडे ठिसूळ होतात. तिथे पोटभर खाणे हाच मुख्य उपचार.

मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षे पाळी ४५ दिवसांनी आली तरी चालते. मात्र पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नसेल तर तपासायला हवे. दर महिन्याला पोट दुखते पण रक्त दिसत नाही, अशा मुलीच्या योनीमार्गावरचा पडदा पूर्ण बंद असू शकतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने तो मोकळा होतो.

चाळिशीनंतर पाळ्या चुकणे बहुधा रजोनिवृत्तीकडची वाटचाल असते, तरी सलग बारा महिने पाळीविना जाईपर्यंत गर्भ राहू शकतो. चाळिशीच्या आतच पाळी जात असेल तर तपासणी आणि बहुधा संप्रेरकांचे उपचार लागतात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ती ‘परत आलेली पाळी’ समजू नये. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो आणि त्याच आठवड्यात तपासून घ्यावा.